न उघडलेली तीन झाकणं

आमच्या खात्यात मला सगळे 'टेप' म्हणतात. ड्रेनेजच्या मॅनहोलची खोली मोजणं हे माझं काम, एकतीस वर्षं तेच केलं, म्हणून हे नाव चिकटलं. माझ्या जोडीला जो झाकणं उघडतो त्याला 'पहार' म्हणतात. आम्ही दोघं रस्त्याने निघालो की ऑफिसातले म्हणायचे, हत्यारं पुढे गेली, माणसं मागून येतायत.

माझी बायको त्याच खात्यात इंजिनीअर होती. म्हणजे माझी साहेब. ऑफिसात मी तिला मॅडम म्हणायचो आणि घरी ती मला अहो म्हणायची. फिटंफाट. लग्न केलं तेव्हा लोक बरंच बोलले. मोजणीवाल्याने बरोबर माप घेतलं, वगैरे. मग बोलून बोलून थकले. तिला जाऊन सात महिने झाले.

शेवटची चार वर्षं ती एकाच कामावर होती. शहराच्या पोटात सांडपाण्याचे जेवढे पाइप आहेत ते सगळे तिला कॉम्प्युटरवर पुन्हा मांडायचे होते. कुठला पाइप किती रुंद, किती खोल, कुठल्या उताराने जातो, आत गाळ किती, त्यात किती घरांचं पाणी येतं. हे सगळं भरलं की कॉम्प्युटरमध्येच पाऊस पाडायचा आणि कुठे तुंबतं ते पाहायचं. खरा पाऊस यायची वाट बघायची नाही. याला मॉडेल म्हणतात. पडद्यावर पाइप हिरवा दिसला तर जागा आहे, पिवळा म्हणजे भरत आलाय, लाल म्हणजे पाणी झाकण उचलणार.

हे तिने डोक्यात घेतलं ते इस्त्रीवाल्या मावशींमुळे. उताराच्या गल्लीत तळमजल्यावर त्यांची एक खोली, पुढे इस्त्रीचं टेबल, मागे बिऱ्हाड. एका पावसात त्यांच्या संडासातून उलटं पाणी आलं आणि लोकांचे इस्त्री केलेले कपडे त्यात तरंगले. आम्ही गेलो तेव्हा मावशी दारात उभ्या होत्या. शिव्या नाहीत, रडणं नाही. फक्त म्हणाल्या, "तुमच्याकडे येवढी शिकलेली माणसं आहेत. पाणी कुठे जाणार हे आधी कळत नाही का कुणाला?" घरी जेवताना बायको म्हणाली, "अहो, कळायला पाहिजे. बाई बरोबर बोलली."

मॉडेलला लागणारे आकडे मीच आणायचो. चारशे तीस मॅनहोल. पहार झाकण उघडायचा, वायू निघून जायला वेळ द्यायचा, मी वरूनच लांब मोजकाठी सोडायचो. काठी दोनदा टेकवायची असते. पहिल्यांदा टेकते ती गाळावर. मग जोर लावून दाबायची, ती पाइपच्या तळाला लागते. दोन्ही आकडे लिहायचे, त्यातला फरक म्हणजे गाळ. नवखा माणूस पहिल्या टेकण्यालाच तळ समजतो.

बायकोची एक पद्धत होती. मी आकडा सुटा सुटा ओरडून सांगायचा, तिने तो परत म्हणायचा, मी काठीकडे पुन्हा बघून "बरोबर" म्हणायचं, आणि मगच तिने लिहायचं.

"दोन आठ चार!"

"दोन आठ चार?"

"बरोबर."

मी 'बरोबर' म्हणेपर्यंत ती पेन टेकवत नसे. एकदा ट्रकच्या आवाजात माझं ऐकू आलं नाही तर ती तशीच पेन वर धरून उभी. पहार म्हणाला, "मॅडम, लग्नातसुद्धा येवढं विचारून घेतलं नसेल तुम्ही." ती म्हणाली, "तिथेच चुकलं. पण माणूस बरोबर निघाला."

आजारपण आलं तेव्हा चाळीसेक झाकणं राहिली होती. ती घरूनच काम करू लागली, पलंगाला उशा लावून, मांडीवर लॅपटॉप. मी कागद आणायचो आणि समोर बसून आकडे वाचायचो. ती परत म्हणायची, मी 'बरोबर' म्हणायचो. मुलगी शाळेत शिकवते, ती संध्याकाळी यायची आणि दारातून बघून म्हणायची, "तुमचे पाढे झाले की सांगा, मी औषध देते."

शेवटी तीन झाकणं राहिली. दोनशे अकरा, बारा आणि तेरा. उताराच्या गल्लीतलीच. तिथे कायम गाड्या उभ्या असायच्या, म्हणून मागे पडली होती. एका मंगळवारी ती उघडायची असं ठरलं. पहार सकाळी जाऊन गाड्या हलवून घेणार होता.

त्या सकाळी तिला अचानक हॉस्पिटलात न्यावं लागलं. दुपारपर्यंत तिला जरा बरं वाटलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, "महिने धरू नका. आठवडे धरा." मी बरं म्हणालो. मग जिन्यावर जाऊन बसलो. पहारचा फोन आला की गाड्या हलवल्यात, येतोयस ना. मी म्हणालो, आज नाही. खिशात मोजणीचा कागद होता. वरच्या झाकणाची खोली माहीत होती, खालच्याची माहीत होती, मधलं अंतर माहीत होतं. मी सरळ रेघ धरली आणि तीन आकडे काढले. गाळ शून्य लिहिला तर ती विचारेल, म्हणून दोन-दोन सेंटिमीटर लिहिला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

असं का केलं, याचं उत्तर मी बऱ्याचदा शोधलं. उद्या मोजू म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण ती रोज विचारत होती, "ते तीन झाले का?" आणि मला त्या दिवशी 'नाही' म्हणवेना. आणखी एक आहे. मला रस्त्यात उभं राहवणार नव्हतं. लोक येता जाता विचारतात, मॅडम कशा आहेत.

संध्याकाळी तिला घरी आणलं. तिने लॅपटॉप मागितला. मी वाचलं. तिने परत म्हटलं. मी तीनदा 'बरोबर' म्हणालो. तिने बटण दाबलं. वीस मिनिटं ते चाललं, आणि उताराची गल्ली वरपासून खालपर्यंत हिरवी आली. मावशींकडचं मागचं तुंबणं कचरा अडकल्याने झालं, असं खात्याने आधीच धरलं होतं. कितीतरी दिवसांनी ती हसली. म्हणाली, "अहो, उद्या मावशींना सांगून या. म्हणावं, आता कळतं आम्हाला." मी गेलो. सांगून आलो.

पाच आठवड्यांनी ती गेली.

गेल्या महिन्यात मोठ्या साहेबांनी मला मीटिंगला बोलावलं. मोजणीवाल्याला कुणी मीटिंगला बोलावत नाही. आत बायकोच्या जागेवर आलेला तरुण इंजिनीअर होता. त्याच्या पाठीमागे आम्ही त्याला 'लगेच' म्हणतो, कारण काहीही सांगा, तो "लगेच" म्हणतो. त्याने पडद्यावर मॉडेल लावलं होतं. टेकडीवर नवी वसाहत होतेय, सातशे घरांची. तिचं सांडपाणी उताराच्या गल्लीतल्या पाइपात सोडायचं की नाही, हा प्रश्न होता. लगेचने सातशे घरं घातली, मोठा पाऊस घातला, आणि गल्ली हिरवीच राहिली.

"मॅडमचं मॉडेल," मोठे साहेब मला म्हणाले, "त्या नसल्या तरी काम करतंय बघा." त्यांनी अहवालाची प्रत माझ्यापुढे सरकवली. पहिल्या पानावर तिचं नाव होतं आणि नावाआधी 'दिवंगत' छापलं होतं. तो शब्द तिच्या नावाला लागलेला मी पहिल्यांदा पाहिला.

"लाइन पण काय सुंदर आहे," लगेच म्हणाला. त्याने पाइपचा उभा छेद दाखवला. "दोनशे दहापासून चौदापर्यंत एकदम पट्टीने ओढल्यासारखी."

ती पट्टीनेच ओढली होती. मी विचारलं, "सही कधी होणार?"

"गुरुवारी."

तो सोमवार होता. मंगळवारी सकाळी मी पहारला म्हणालो, "उताराच्या गल्लीत जायचंय."

त्याने मळलेली तंबाखू तोंडात टाकली. मग म्हणाला, "सात महिने वाट बघतोय मी तुझी."

"तुला माहीत होतं?"

"टेप, झाकणं मी उघडतो. मी उघडली नाहीत, मग तू मोजलंस कुठून? डोळे मिटून?" आणि पहार उचलून पुढे झाला. त्यानंतर त्या विषयावर तो बोलला नाही, हे त्याचे उपकार.

दोनशे अकरा उघडलं. माझ्या रेघेपेक्षा दोन सेंटिमीटरचा फरक. गाळ तीन. माझा जीव भांड्यात पडला. मनात म्हटलं, देव भल्याचा आहे. मग दोनशे बारा. काठी सोडली, टेकली, आणि मी दाबली तशी ती खाली जात राहिली. पुन्हा काढली, पुसली, पुन्हा सोडली. तळ माझ्या आकड्यापेक्षा बावीस सेंटिमीटर खाली होता आणि त्यावर एकतीस सेंटिमीटर गाळ, खालचा थर विटेसारखा. साठ सेंटिमीटरचा पाइप. अर्ध्याहून जास्त बुजलेला. दोनशे तेराही जवळपास तसंच. कधीतरी दुरुस्तीत नीट न दाबलेली माती खचली असणार आणि पाइप मधोमध झोळीसारखा बसला असणार. तिथे गाळ साठतच राहणार. मॉडेल पडताळायला पाइपातलं पाणी मोजणारा मीटर आम्ही तेव्हा गल्लीच्या खालच्या टोकाला लावला होता. रोजचं पाणी त्या झोळीतून कसंबसं निघून जायचं आणि मीटरवर आकडे जुळायचे. सातशे घरांचं पाणी आणि वर पाऊस, हे निघालं नसतं. ते मावशींच्या संडासातून वर आलं असतं.

मावशींनी आम्हाला पाहिलं आणि इस्त्री उभी करून बाहेर आल्या. "काय, पुन्हा बघताय?"

"हो, एकदा बघून घेतो."

"बघा हो. मॅडम गेल्या, पण शब्द पाळून गेल्या." मी खाली वाकून झाकणाची कड पुसत बसलो.

रात्री मुलीला सगळं सांगितलं. ती वह्या तपासत होती. तिने पेन खाली ठेवलं.

"बाबा, नवीन आकडे द्या आणि मोकळे व्हा. गाळ काय, नंतरही साठतो. पाइप नंतरही खचतो. जुने आकडे खोटे होते हे सांगायची गरज काय?"

"मग लोक म्हणतील मॉडेल चुकलं. तुझ्या आईचं."

"म्हणू देत. आईला आता काय होणार आहे? रिटायर व्हायला तुमचे आठ महिने राहिलेत. आठ महिन्यांसाठी चौकशी लावून घेणार?"

"तिचं ते एकच काम मागे राहिलंय."

"एकच? मी कोण मग?"

मग उठून तिने माझ्यापुढे पाणी ठेवलं आणि म्हणाली, "तुम्हाला जे करायचंय ते तुम्ही करणारच. आई म्हणायची, तुमचे बाबा आधी ठरवतात आणि मग विचारतात."

बुधवारी लगेचच्या खोलीत गेलो. दार लोटून घेतलं आणि उभ्यानेच सांगितलं. तीन मॅनहोल मी मोजले नव्हते. आकडे मनाने लिहिले. खरे आकडे हे. मॅडमना यातलं काही माहीत नव्हतं.

त्याने नेहमीसारखं "लगेच" म्हटलं नाही. कागद पुढे ओढला. मग नवीन आकडे भरले आणि पाऊस घातला. गल्ली दोनशे अकरापासून वर लाल झाली. सातशे घरं काढून टाकली, तरी मोठ्या पावसात पिवळीच.

"टेपकाका," तो म्हणाला, "मग बाकीच्या चारशे सत्तावीसचं काय?"

"ती सगळी उघडलीत. मोजलीत."

"तुम्ही या तिन्हींबद्दलही तसंच म्हणाला होतात."

याचा विचार मी केलाच नव्हता. तिचं काम वाचवायला मी गेलो होतो, आणि माझ्या एका वाक्याने तिचं सगळंच काम संशयात आलं. एक आकडा खोटा निघाला की उरलेल्यांची साक्ष कोण काढणार? काढणारा मीच, आणि माझा शब्द आता काय कामाचा?

मी म्हणालो, "मला एक दाखवाल का? प्रत्येक आकड्यापुढे ती एक खूण करायची."

होती तशी सोय. मोजलेल्याला 'मो', जुन्या नकाशावरून घेतलेल्याला 'न', अंदाजाला 'अं'. अंदाजाला मोजलेलं म्हणणं तिला खपायचं नाही, त्यावरून तिने दोन ठेकेदारांचे कागद परत पाठवले होते. खरं सांगायचं तर सात महिने माझ्या मनात एक वेडी आशा होती. वाटायचं, तिला कळलं असेल. माझा आवाज तिला सत्तावीस वर्षांचा ओळखीचा. तिने त्या तिन्हींपुढे गुपचूप 'अं' लिहिलं असेल आणि मला काही बोलली नसेल, मी दुखावेन म्हणून.

लगेचने तो रकाना उघडला. दोनशे अकरा, मो. दोनशे बारा, मो. दोनशे तेरा, मो.

माझ्या तोंडून आलेलं म्हणजे मोजलेलं. तिने शंकाच घेतली नव्हती.

मी खुर्चीत बसलो. लगेचने पाण्याची बाटली पुढे केली. तो म्हणाला, "मॅडमकडे मी सहा महिने शिकाऊ होतो. एका आकड्यासाठी त्यांनी मला तीनदा रस्त्यावर परत पाठवलं होतं. तेव्हा मी फार शिव्या घातल्या त्यांना. मनात."

"चालायचं. मी तोंडावर घातल्यात."

तो पहिल्यांदा हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "अहवाल मी थांबवतो. कॉम्प्युटरला चाळीस झाकणं निवडायला सांगतो, कुठलीही. तुम्ही नाही निवडायची, मीही नाही. ती पुन्हा उघडायची, मी स्वतः येऊन लिहिणार. जुळली तर मॉडेल उभं राहील. नाही जुळली तर चार वर्षं पाण्यात."

मोठ्या साहेबांनी मला कारणे दाखवा नोटीस दिली. द्यायलाच हवी होती. मी खुलाशात कारण लिहिलं नाही. हॉस्पिटल, डॉक्टर, जिना, यातलं काही नाही. एकच गोष्ट मागितली, की अहवालात एक वाक्य माझ्या शब्दांत जावं: 'या तीन ठिकाणचे पूर्वीचे आकडे मोजणाऱ्याने न मोजता दिले होते, मॉडेल करणाऱ्या इंजिनीअरना याची कल्पना नव्हती.' साहेब म्हणाले, अहवालात असलं वाक्य कधी गेलं नाही. मी म्हणालो, असलं काम तरी कधी झालं होतं? त्यांनी ते वाक्य खोडलं नाही.

चाळीस झाकणांना नऊ दिवस लागले. मी रात्री झोपत नव्हतो. खोटं एकदाच लिहिलं हे मला पक्कं माहीत होतं, तरी प्रत्येक झाकण उघडताना वाटायचं, इथेही आपण आळस केला असेल तर? माणसाचा स्वतःवरचा विश्वास गेला की असं होतं. पहिल्या दिवशी आमचा लगेच भराभर लिहायला लागला. मी म्हणालो, "थांबा. आधी परत म्हणायचं. मी बरोबर म्हटल्यावर लिहायचं."

"हे कुणी ठरवलं?"

पहार म्हणाला, "तुमच्या मॅडमनी."

चाळिसांपैकी एकोणचाळीस एका सेंटिमीटरच्या आत जुळली. एकात तीनचा फरक, तिथे मध्यंतरी रस्ता उंच केला होता. लगेचने हिशोब दोनदा तपासला आणि पहिल्या पानाची प्रत मला पाठवली. तिचं नाव होतं तिथेच होतं. त्याखालच्या ओळीत त्याने स्वतःचं नाव घातलं नव्हतं.

शेवटी राहिली ती तीन. ती पुन्हा रीतीने मोजायची होती, त्याच्या समोर, कारण माझ्या एकट्याचा कागद आता चालणार नव्हता. शुक्रवारी सकाळी आम्ही उताराच्या गल्लीत गेलो. मी आधी मावशींच्या दारात गेलो.

"मावशी, मागे मी येऊन सांगितलं होतं ना, पाणी चढणार नाही म्हणून. ते खरं नव्हतं. इथला पाइप खचलाय. टेकडीवरचं पाणी आता इकडे सोडणार नाहीत. पाइप बदलेपर्यंत मोठ्या पावसात सामान वर ठेवा."

"म्हणजे मॅडम खोटं बोलल्या?"

"मॅडम नाही. मी. मी न मोजता आकडा दिला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग टेबलाची कड धरून विचारलं, "तेव्हा घरात आजारपण होतं ना तुमच्या?"

"हो."

"तरी पण," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन इस्त्री उचलली.

याहून जास्त त्या बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पहारने दोनशे बाराचं झाकण सरकवलं. आम्ही वायू जाऊ दिला. मी काठी सोडली, पहिल्यांदा टेकली तो आकडा घेतला, मग दोन्ही हातांनी दाबून तळ घेतला. लगेच फुटपाथवर उभा होता, फळीवर कागद, हातात पेन.

"तीन एक दोन!" मी ओरडलो.

"तीन एक दोन?"

त्याचं पेन हवेत होतं. मी काठी पुन्हा सरळ केली, ओली खूण अंगठ्याने धरली, चष्मा वर करून एकदा पाहिलं, चष्मा खाली घेऊन एकदा पाहिलं. मागून कुणीतरी हॉर्न दिला. पहारने त्याला हात दाखवला. आमचा लगेच पेन तसंच धरून वाट बघत उभा राहिला.

"बरोबर," मी म्हणालो.